फॉर्च्युनरची चाकं व्ही-क्रॉसला: होल जुळतात, पण बसवावीत का?

गडहिंग्लजकर
मंडळी, सल्ला पाहिजे. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, 2018 ची, फोर बाय फोर. कंपनीचे टायर 255/65 आर 17. चारही गुळगुळीत झालेत आणि वर आजऱ्याच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढची डावी रिम वाकली. पंक्चरवाल्याने ठोकून सरळ केली, पण दर आठवड्याला हवा कमी होतेच.

मामेभावाने त्याच्या 2017 च्या फॉर्च्युनरला बाहेरची 20 इंची चाकं घातलीत. त्याची मूळ 18 इंची अलॉय टायरसकट गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पडून आहेत. साईझ 265/60 आर 18. "घेऊन जा, धूळ खाण्यापेक्षा फिरू देत," म्हणतो. दोन्ही गाड्यांना सहा नट, पीसीडीही (नटांच्या होलांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) दोन्हींची 6×139.7 दिसते.

पंक्चरवाला म्हणतो डोळे झाकून बसतंय. आमचा फिटर म्हणतो, नाद करू नका. कारण विचारलं तर नुसती मान हलवतो. गाडीचा वापर म्हणजे ठिबकच्या पाईपा, खताची पोती, महिन्या-दोन महिन्यांनी आंबोलीतून खाली गोव्याकडे. शो करायचा नाही, खर्च वाचवायचा आहे. कुणी असं केलंय का?

बोकोबा
फॉर्च्युनरची चाकं लावली की पंचायत समितीचं तिकीट आपोआप मिळतं की वेगळा अर्ज करावा लागतो?

गडहिंग्लजकर
@बोकोबा, पांढरा शर्ट आधीच शिवून ठेवलाय. चाकांचं बोला.

पाना_पक्कड
धागा चांगला काढलास भावा. होल जुळले म्हणजे चाक जुळलं, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

सहा होल आणि 139.7 ही जोडी पिकअप-एसयूव्हीच्या दुनियेत फार पसरलेली आहे. हायलक्स, फॉर्च्युनर, डी-मॅक्स (तुझी व्ही-क्रॉस त्यातलीच), एंडेव्हर, पजेरो, सगळ्यांची तीच. म्हणून लोक म्हणतात कशालाही काहीही बसतं. पण चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं, सेंटर बोअर, ते प्रत्येकाचं वेगळं. फॉर्च्युनर-हायलक्सचं 106.1 मिमी, तुझ्या गाडीचं 100.1, एंडेव्हरचं 93.1, पजेरोचं 67.1. आता बघ, फॉर्च्युनरचं भोक तुझ्या हबपेक्षा (गाडीचा ज्यावर चाक बसतं तो गोल भाग) मोठं आहे, म्हणजे चाक आत जाईल, पण हबवर घट्ट न बसता सैल लोंबेल. एंडेव्हरचं लहान आहे, ते आतच जाणार नाही. पजेरोचं तर विसरच.

मग येतो ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा. चाकाच्या मागच्या बाजूला ईटी किंवा नुसता आकडा कोरलेला असतो. तो आणि रुंदी वाचून इथे टाक. दोन्ही चाकांचे पाहिजेत, फक्त भावाच्या चाकांचे नको.

तिसरी गोष्ट नट. पेच दोन्हींचा 12×1.5 आहे, त्यामुळे फिरतील. पण नट चाकाला जिथे टेकतो ती बैठक शंकूची आहे की सपाट, हे बघ. टोयोटाच्या बऱ्याच जुन्या अलॉयना लांब दांडीचे, वॉशरवाले, सपाट बैठकीचे नट येत. अशा होलात शंकूचा नट आवळलास तर तो फक्त कडेवर टेकतो. आवळताना घट्ट लागतो आणि शे-दोनशे किलोमीटरात ढिला होतो. नट भावाकडून चाकांबरोबरच घे.

तुझा फिटर नुसती मान हलवतो ना, त्याला हे सगळं माहीत असणार. सांगता येत नसेल इतकंच.

सांगलीचा_वाघ
आमच्या ग्रुपमधल्या एकाने एंडेव्हरची चाकं व्ही-क्रॉसला लावलीत. फोर्डने 2021 मध्ये इथला कारखाना बंद करतो म्हणून सांगितल्यावर तशी चाकं बाजारात स्वस्तात मिळत होती. लेथवर भोक मोठं करून घेतलं. दिसतात जबरी. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करून करून थकला, दर वेळी मशीनवर शून्य दाखवतंय आणि हायवेवर परत तेच.

उद्यमनगरी_टर्नर
वाघसाहेब, तुमच्या मित्राचं चाक लेथवर चुकीचं धरलंय. मी कोल्हापुरात उद्यमनगरात आयुष्य काढलंय, असे जॉब बघितलेत. चाक चकमध्ये बाहेरच्या कडेला धरलं आणि भोक कापलं, तर भोक त्या कडेला मध्यावर येतं. पण ती कड रस्त्यावर आधीच खड्ड्यांनी मार खाल्लेली असते. मूळ भोकाला आणि हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून धरलं पाहिजे. काटा हलायचा थांबेपर्यंत टूल चाकाला लावायचं नाही. घाईत कोण करतो ते? बॅलन्सिंग मशीन चाक स्वतःच्या शंकूवर धरतं, म्हणून तिथे शून्य दाखवतं. गाडीवर ते हबवर बसतं. दोन्ही ठिकाणचा मध्य एक नसेल तर बॅलन्सिंगचा उपयोग नाही.

93.1 चं 100.1 म्हणजे सगळ्या बाजूंनी साडेतीन मिमी धातू जातो. होतं करायला. पण मी मुलाच्या गाडीला करणार नाही.

गडहिंग्लजकर यांचं काम उलट आहे, म्हणून सोपं आहे. चाकाचं भोक मोठं, हब लहान. मध्ये रिंग पाहिजे. बाहेरून 106.1, आतून 100.1, म्हणजे भिंत बरोबर 3 मिमीची. अॅल्युमिनियमची करायची, प्लास्टिकची नको, घाटात ब्रेक तापले की प्लास्टिक मऊ पडतं. आणि एक गोष्ट कुठलाही पोरगा विसरतो: रिंगच्या आतल्या कडेला चॅम्फर द्यायचा, म्हणजे कड तिरकी कापायची. हबच्या मुळाशी गोलाई असते, चॅम्फर नसला तर रिंग त्या गोलाईवर चढते आणि चाक मागे पूर्ण टेकत नाही. मग नट आवळला तरी ते खोटं आवळणं.

पाना_पक्कड
टर्नरकाका, हा प्रतिसाद फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावणार.

सत्यशोधक
रिंगचं जरा जास्तच कौतुक होतंय. गाडीचं वजन रिंग उचलत नाही. नट आवळल्यावर चाकाचा पाठीमागचा पृष्ठभाग हबवर दाबला जातो, त्या दाबातून जे घर्षण येतं ते वजन आणि ब्रेकचा जोर पेलतं. शंकूचे नट असतील तर तेच चाक मध्यावर आणतात. बाजारातली निम्मी अलॉय मोठ्या भोकाचीच असतात, जगभर चालतात. रिंग नसली तर काही आभाळ कोसळत नाही.

उद्यमनगरी_टर्नर
घर्षणाचं बरोबर आहे, पुस्तकात तसंच आहे. पण चाक मध्यावर आणायचं कोणी? पंक्चरवाला रस्त्याच्या कडेला जॅकवर चाक लटकवतो, खालचा नट आधी एअर गनने ठोकतो, चाक तेवढं खाली बसलेलं तसंच पकडलं जातं. शंकू त्याला सरकवेल एवढी सवड त्याने दिलीच नाही. रिंग असली की कुणीही चढवलं तरी मध्यावर बसतं. सपाट बैठकीचे नट असतील तर मध्य आणायला रिंगशिवाय दुसरं काही नाहीच.

सत्यशोधक
सपाट बैठकीबद्दल मान्य. शंकूच्या नटांबद्दल माझं मत तेच आहे: चाक हवेत असताना हाताने, समोरासमोरचे नट फिरवत आवळा, शेवटचं आवळणं जमिनीवर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) करा. रिंग नसली तरी चालतं.

बोकोबा
म्हणजे रिंग नको, पंक्चरवाला बदला.

शारजाकर
इकडे याच गडबडीत एकाचे पैसे बुडाले. इकडच्या हायलक्सवाल्यांना लँड क्रूझरची चाकं घालायची फार हौस. जुन्या 200 मालिकेला पाच नट, 5×150, त्यामुळे प्रश्नच यायचा नाही. नवीन 300 आली आणि टोयोटाने तिला सहा नट, 139.7 दिली. लोक खूष. ऑफिसातल्या एका मल्याळी मित्राने पाच चाकांचा सेट उचलला. हबवर चढेचना. नव्या लँड क्रूझरचं भोक 95.1 आहे आणि हायलक्सचा हब 106 चा. एकाच कंपनीच्या दोन गाड्या, सारखेच होल, आणि तरी हे. सेट अजून त्याच्या बाल्कनीत आहे, त्यावर कुंड्या ठेवल्यात.

ह्यूस्टनकर
इथे टेक्सासात पिकअप म्हणजे घरटी एक, त्यामुळे हे वाद रोजचे. फोर्ड एफ-150 चं उदाहरण बघा. 1996 पर्यंत पाच नट 139.7. मग 1997 ला नवीन मॉडेल आलं, पाच नट 135. मग 2004 पासून सहा नट 135. शेवरोले सिल्व्हराडो सहा नट 139.7. शेजारी शेजारी ठेवली तर 135 आणि 139.7 मधला फरक डोळ्यांना कळत नाही, प्रत्येक स्टड (हबवरचा नटाचा बोल्ट) जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर इकडे तिकडे. पण चाक बसत नाही. आणि जबरदस्तीने बसवणारे असतात, ते स्टड वाकवतात.

गडहिंग्लजकर, भार हा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. इकडे प्रवासी गाडीचा टायर पिकअपला घातला तर त्याची भारक्षमता 1.1 ने भागून धरायची पद्धत आहे, कारण पिकअपला कधी किती लादतील सांगता येत नाही. 265/60 आर 18 वर 110 हा भारनिर्देशांक लिहिलेला असेल तर एका टायरची क्षमता 1060 किलो. भागलं तर साधारण 960. तू किती पोती टाकतोस?

गडहिंग्लजकर
@ह्यूस्टनकर, दहा-बारा पोती, पन्नास किलोची. क्वचित जास्त. माझ्या जुन्या 17 इंची टायरवर पण 110 च लिहिलंय.

@पाना_पक्कड, आज भावाकडे जाऊन बघून आलो. त्याच्या चाकावर मागे 18×7½ जे आणि 30. माझ्या रिमवर 17×7 जे आणि 33.

पाना_पक्कड
वा, मग हिशोब सोपा. रुंदी अर्धा इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वासहा-साडेसहा मिमी. ऑफसेट 3 ने कमी, म्हणजे सगळं चाक 3 मिमी बाहेर. बाहेरची कड साडेनऊ मिमीच्या आसपास बाहेर येईल, आतली कड साडेतीन मिमी आत जाईल. फारसं काही नाही. आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या वरच्या आर्मशी किती जागा राहते तेवढं बघ, बोट आरामात फिरलं पाहिजे.

टायरचा घेर: 255/65 आर 17 चा व्यास 763 मिमी, 265/60 आर 18 चा 775. दीड टक्क्याहून जरासा जास्त. काट्यावर 100 दिसेल तेव्हा खरा वेग 101-102. गाडी सहा मिमी उंच होईल. कुणाला कळणारही नाही.

चाचणी अशी घे. फक्त पुढची दोन चढव. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एक चाक बांधावर किंवा दगडावर चढव आणि परत तेच. प्लास्टिकला कुठे घासतंय का कान देऊन ऐक. रिव्हर्समध्ये पण कर, पुढे जाताना न घासणारं रिव्हर्समध्ये घासतं.

रानवाटा
मी नर्सरी चालवते, दोन पिकअप आहेत. एक मुद्दा मांडते. माल वाहणाऱ्या गाडीला रिम मोठी आणि टायरची भिंत बुटकी करण्यात तोटा आहे. तुमच्या 17 इंचीची भिंत 166 मिमीच्या आसपास, 18 इंचीची 159. फरक छोटा आहे, पण तुमची रिम आधीच खड्ड्यात वाकली आहे ना? मग रबर कमी करून काय मिळवणार?

आमच्या एका ड्रायव्हरने मी गावाला गेले असताना पिकअपला कुठल्याशा कारची चकचकीत चाकं बसवून आणली, मला सरप्राइज म्हणून. रोपांच्या ट्रे भरून निघाला. मागचा टायर इतका दबलेला की गाडी बसलीय असं वाटत होतं. मी आधी चाकाच्या पाठीवर बघितलं. अलॉयच्या पाठीवर कमाल भार कोरलेला असतो, किलोत. पिकअपला किती लागतं ते दरवाजाजवळच्या पाटीवरून काढता येतं. त्या चाकाचा आकडा आमच्या मागच्या एक्सलच्या निम्म्याहून कमी निघाला. त्याच दिवशी उतरवली. "ताई, किती भारी दिसत होती" असं अजून म्हणतो तो.

गडहिंग्लजकर
@रानवाटा ताई, हे बघितलंच नव्हतं. उद्या बघतो.

पाना_पक्कड
रानवाटाताईंचा मुद्दा शंभर टक्के. फॉर्च्युनरच्या बाबतीत जरा दिलासा आहे. फॉर्च्युनर आणि हायलक्स टोयोटाच्या एकाच आयएमव्ही चौकटीवर बांधलेल्या, आणि आपल्याकडे हायलक्सच्या वरच्या मॉडेलला हीच 265/60 आर 18 येते. म्हणजे हे चाक पिकअपच्या कामातलं आहे. तरी पाठीवरचा आकडा वाचच. चाक खरंच कंपनीचं आहे, की मूळ म्हणून भावाच्या गळ्यात मारलेली नक्कल आहे, तेही त्यावरून कळेल.

लाल_धूळ
अवांतर: आमच्याकडे महिंद्राची जुनी एमएम 540 जीप आहे. तिला जिप्सीची चाकं बसवलेली आहेत, गेली कित्येक वर्षं. विलिसच्या जमान्यापासून जीपची पीसीडी पाच नट साडेपाच इंच, म्हणजेच 139.7, आणि मारुतीच्या जिप्सीचीही तीच. सैन्यातून लिलावात निघालेल्या जिप्स्यांची चाकं मिळाली की जीपवाले तुटून पडतात. 139.7 हा विचित्र आकडा कुठून आला असं लोकांना वाटतं, तर तो मुळात साडेपाच इंच आहे, बाकी काही नाही.

बोकोबा
साडेपाच इंचाचं अख्खं जग फिरतंय आणि आमच्या गावात टेप मिळत नाही.

लाल_धूळ
@बोकोबा, टेपशिवाय होतं. सहा होल असतील तर समोरासमोरच्या दोन होलांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजेच पीसीडी, संपलं. पाच होलांना समोर कुणी नसतं. तिथे शेजारच्या दोन होलांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं आणि 1.7 ने गुणायचं. 82 मिमी आलं तर 139.7.

बोकोबा
टेपशिवाय म्हणालात आणि अंतर मोजायला सांगितलंत.

लाल_धूळ
पट्टी घे रे शाळेतली.

काळा_कोट
कायद्याची बाजू कुणीतरी सांगायला हवी, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हे कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182 ए कलम आलं, त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता चाक बदललं की आरसीवरचा तपशील बदलतो का? खाजगी गाडीच्या आरसीवर सहसा टायरचा आकार नसतो. मालवाहतुकीच्या नोंदणीत टायरची संख्या, आकार, प्लाय हे सगळं असतं. म्हणजे पिवळ्या पाटीवर असाल तर जास्त जपून. गडहिंग्लजकर, तुमची पाटी कुठली?

पण माझ्या मते दंडापेक्षा विमा मोठा. अपघात झाला की सर्व्हेअर फोटो काढतो. चाक कंपनीचं नाही हे त्याला दोन मिनिटांत कळतं. क्लेम नाकारला तर कोर्टात आपण भांडू, पण वर्षं जातात. आधीच लेखी कळवा, शक्य असेल तर पॉलिसीवर नोंद करून घ्या.

सांगलीचा_वाघ
अहो साहेब, रस्त्यावर निम्म्या गाड्यांना बाहेरची चाकं आहेत. कोण धरतंय?

काळा_कोट
कोणी धरत नाही, तोवर ठीक आहे. माझ्याकडे लोक धरल्यानंतर येतात.

गडहिंग्लजकर
पांढरी पाटी, खाजगी नोंदणी. विमा कंपनीला मेल टाकतो.

नेहमीचा_वाचक
वाचतोय. छान चर्चा.

कोयनाकाठ
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला असं वाटतंय. खर्च वाचवायचाय ना? एक रिम वाकली आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक जुनी 17 इंची रिम शोधा, चार नवे टायर टाका, विषय संपला. फुकटची चाकं कधीच फुकट नसतात. रिंगा करा, नट घ्या, अलाइनमेंट करा, विम्याला कळवा. आणि त्या टायरचं वय बघितलंत का? भिंतीवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

पाना_पक्कड
आणि स्टेपनी! ती 17 इंचीच राहणार. रस्त्यावर एक चाक बदलावं लागलं तर एका एक्सलवर 763 आणि 775 असे दोन व्यास येणार. हळूहळू गॅरेजपर्यंत चालवायला हरकत नाही, पण तेवढ्या वेळात कोरड्या रस्त्यावर फोर एच (चारही चाकं ओढणारा हाय गिअर) लावू नकोस. आपल्या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, फोर एचमध्ये दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. शिवाय स्टेपनीला तिचे जुने नट लागतील. सहा जुने नट पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवून दे. रात्री घाटात आठवून उपयोग नाही.

उद्यमनगरी_टर्नर
नटाची बैठक तपासायची सोपी रीत सांगतो. होलाच्या बैठकीवर मार्करची शाई लावायची, नट हाताने घट्ट फिरवायचा, काढून बघायचं. शाई सगळ्या वर्तुळावर सारखी निघाली तर बैठक बरोबर. बारीक रेघ उमटली तर नट कडेवर टेकतोय.

गडहिंग्लजकर
अपडेट देतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय.

भावाच्या टायरवर कोड 4416. म्हणजे 2016 च्या शेवटाचे. नक्षी भरपूर शिल्लक, पण भिंतीवर नखाने बघितलं तर बारीक भेगा. टायर बाद. कोयनाकाठ यांचं गणित तिथेच निम्मं खरं ठरलं.

चाकं मात्र कंपनीची निघाली, पाठीवर भाराचा आकडा आहे आणि माझ्या मागच्या एक्सलला पुरून उरतो. व्हर्नियरने भोक 106 च्या किंचित वर, माझा हब 100 च्या किंचित वर. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नरकाकांचा प्रतिसाद मोबाईलवर दाखवला. कारागिराने वाचला, चॅम्फरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे कोण लिवलंय? त्यांना माझा नमस्कार सांगा." चार रिंगा केल्या, अंगठ्याने दाबून आत जातात आणि हलत नाहीत. हबवरचा गंज वायर ब्रशने काढला, नाहीतर रिंग बसत नव्हती.

नट भावाकडून आणलेले. शाईची परीक्षा केली, चोवीसही होलांना शाई पूर्ण वर्तुळात निघाली. पुढची दोन चढवून बांधावर चढवली, रिव्हर्समध्येही टोकाला नेली. डाव्या बाजूला मडफ्लॅपला किंचित स्पर्श होत होता, फ्लॅपचा स्क्रू एक होल मागे घेतला.

नवे टायर 265/60 आर 18, 110 चेच, ऑर्डर केलेत. विमा कंपनीचं उत्तर अजून नाही. ते येईपर्यंत चाकं शेडमध्येच, फक्त आता शेड माझी आहे.

रानवाटा
नवे टायर घ्यायचेच होते तर 17 इंची एक रिम शोधून तेच का नाही घेतले, हा माझा प्रश्न कायम आहे. पण केलंत ते नीट केलंत. हवा भारानुसार ठेवा, रिकाम्या गाडीची हवा बारा पोत्यांना चालत नाही.

गडहिंग्लजकर
@रानवाटा ताई, खरं कारण सांगू? बायको म्हणाली 18 इंची छान दिसतात.

बोकोबा
पांढरा शर्ट इस्त्री करायला टाका.

सत्यशोधक
चढवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत टॉर्क पान्याने बघून घे. मॅन्युअलमध्ये आकडा आहे. नवं चाक बसतं, रंग दबतो, नट सैलावतो. रिंग असली तरी.

उद्यमनगरी_टर्नर
सत्यशोधकांशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत. आणि त्या कारागिराला माझाही नमस्कार.

बोलेरोवाला_बीड
नमस्कार, नवीन सभासद आहे. सगळा धागा वाचला नाही, वेळ नाही. माझ्याकडे बोलेरो कॅम्पर आहे. मित्र स्कॉर्पिओची अलॉय देतोय. दोन्हीला पाच होल आहेत. बसतील ना?

लाल_धूळ
वाचा हो. निदान वरचा 1.7 चा प्रतिसाद. दोन्ही चाकांवर पट्टी लावा, आकडे इथे टाका, मग बोलू.

बोलेरोवाला_बीड
पट्टी कुठून मोजायची, होलाच्या कडेपासून की मधून?

लाल_धूळ
एका होलाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या होलाच्या डाव्या कडेपर्यंत. म्हणजे मध्य शोधायची भानगड नाही.

बोलेरोवाला_बीड
बोलेरोचं 82 आलं. स्कॉर्पिओचं बरंच जास्त येतंय. थोडं रेटून बसेल का?

पाना_पक्कड
नाही.